पापुद्रा

पुंता आरेनासच्या कचेरीत, मृत्यूच्या नोंदीच्या खिडकीत
चौदा वर्षं बसते नेलिदा ओयार्सो.
मंगळवारी तिचा डावा डोळा उठला तोच लाल.
सगळा नाही. नाकाकडच्या कोपऱ्यात फक्त
नखाएवढा तुकडा,
परसातल्या रुबार्बच्या देठाच्या रंगाचा.

"डोळे आलेत," शेजारच्या खिडकीतला एलियासार म्हणाला
आणि खुर्ची वीतभर लांब सरकवली त्यानं.
पण आले असते तर सकाळी पापण्या चिकटल्या असत्या,
चिपडं आली असती, दुसऱ्या डोळ्यालाही निरोप गेला असता.
हा एकटाच. दुखत नव्हता.
किंचित कुरकुरत होता, नव्या बुटासारखा.

वारा असेल, ती म्हणाली.
इथे सगळ्याचं खापर वाऱ्यावरच फुटतं.
झाडं एका कुशीवर वाढतात ती वाऱ्यानं,
मोडलेली लग्नंही.

माणसं नेहमीसारखीच येत राहिली,
हातात दवाखान्याचा कागद.
नाव, बापाचं आडनाव, आईचं आडनाव, तास, मिनिट.
ती विचारते, टाईप करते, सही घेताना वर बघते.
या आठवड्यात तिनं वर बघितलं की
समोरचं माणूस थबकायचं.
"ओळखत होतात तुम्ही त्याला?"
एका बाईनं तर काचेखालून हात घालून
तिचं मनगट धरलं, बराच वेळ.

बर्नाबे चिगुआय, मेंढ्या कातरणारा म्हातारा,
भावाची नोंद करून गेला, आणि दुपारी परत आला
रुबार्बच्या मुरंब्याची बरणी घेऊन.
"त्याच्यासाठी कुणीच रडलं नव्हतं," म्हणाला.
"मीसुद्धा नाही."
सांगायला नेलिदानं तोंड उघडलं होतं.
बरणी अजून कोमट होती.

शुक्रवारी डॉक्टर दानिका पेरोविच म्हणाली,
हनुवटी इथे ठेवा, भिंतीवरच्या बोटीकडे बघा.
कापसाच्या काडीनं एक लाल रेघ हलकेच ढकलली तिनं.
रेघ सरकली.
"सरकते. चांगलं आहे."
मग एक थेंब. "आता दहा मिनिटं थांबायचं.
लाली वरवरची असेल तर फिकी पडेल.
खोलातली हटत नाही,
ती ठणकते, रात्री झोपू देत नाही."

दहा मिनिटं.
सकाळी सांधे आखडतात का? नाही.
पोटाची तक्रार? अंगावर पुरळ? नाही, नाही.
घरात कुणी गेलं का, हे त्या कागदावर नव्हतं.
मार्च महिन्यात आईची नोंद तिनंच केली होती,
नाव, आडनाव, दुसरं आडनाव, तास, मिनिट,
एकही अक्षर न चुकता.
रात्री मग झोपही लागली होती.

"बघा," डॉक्टरनं आरसा धरला.
कोपरा पांढरा. अंड्याच्या टरफलाआत असतो तसा.
"पांढऱ्यावर एक पातळ पापुद्रा असतो, त्याचा हा दाह.
एपिस्क्लेरायटिस. नाव मोठं, दुखणं लहान.
कारण बहुतेकदा सापडत नाही.
दोनतीन आठवड्यांत जाईल आपला आपण.
गार पाण्याची घडी ठेवा. आणि कृत्रिम अश्रू."

"कृत्रिम?"

"बाटलीत मिळतात. दिवसातून चारदा."

"पुन्हा होतं हे?"

"होऊ शकतं. कधी, ते नाही सांगता येत."

चौकापर्यंत येईतो थेंबाचा असर उतरला होता.
औषधाच्या दुकानाच्या काचेत
लाली जागच्या जागी.

सोमवारी एलियासारनं विचारलं, "लागण होते?"
"नाही."
त्यानं खुर्ची परत वीतभर जवळ घेतली.

दुपारचा तिसरा थेंब पापणीत मावला नाही,
गालावरून ओठापर्यंत आला.
फारसा खारट नव्हता.
समोर एक पोरगेली बाई उभी, हातात कागद चुरगळलेला.
नेलिदानं गाल पुसला नाही.
"नाव सांगा," ती म्हणाली.
"सावकाश सांगा."